नगरसेवक निवडून आले, आता त्यांच्याकडे मागायचं काय?

कडुनिंब

आमच्या प्रभागातून जानेवारीत चार जण निवडून आले. चौकात चौघांचे अभिनंदनाचे फलक लागले आणि लगेच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न आला : ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय, चौघांपैकी फोन कोणाला करायचा? कोणी म्हणालं, आपल्या गल्लीत ज्यांना जास्त मतं पडली त्यांना. कोणी म्हणालं, 'ड' गटातल्या भाऊंना, ते लगेच माणूस पाठवतात. अर्धा दिवस ही चर्चा चालली.

मला या प्रश्नाबद्दल मनापासून बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

कायद्याने प्रभागाच्या चार वाटण्या झालेल्या नाहीत. अ, ब, क, ड ही जागांची नावं आहेत, गल्ल्यांची नाहीत. चौघंही संपूर्ण प्रभागाचे आहेत. दुसरं, यांपैकी कोणालाही कनिष्ठ अभियंत्याला हुकूम द्यायचा अधिकार नाही. महापालिकेचा कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांकडे असतो. नगरसेवक फोन करतात आणि काम होतं, ते वजनाने होतं, अधिकाराने नाही.

मग त्यांना अधिकार कशाचा आहे? सभागृहात बसण्याचा. अंदाजपत्रक मंजूर करणं किंवा त्यात बदल सुचवणं, आयुक्तांना लेखी प्रश्न विचारणं, ठराव मांडणं, समित्यांमध्ये खर्चाचे प्रस्ताव तपासणं. यातलं एकही काम आपल्या ग्रुपवर कधी कोणी मागितलेलं मी पाहिलं नाही.

मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत निवडून आलेलं कोणी नव्हतं, काही ठिकाणी तर २०२० पासूनच. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं तेव्हा कुठे सभागृहं भरली. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव ठेवणारे तेच आणि सर्वसाधारण सभा व स्थायी समितीच्या वतीने तो मंजूर करणारेही तेच. त्या काळात चेंबरं उपसली गेली, दिवे लागले, कचरा उचलला गेला, कमीजास्त का होईना. प्रश्न विचारणारं मात्र कोणी नव्हतं. रस्ता एकाच वर्षात दोनदा का खोदला, हे सभागृहात उभं राहून विचारायला कोणी नव्हतं.

जे त्या काळात खरोखर हरवलं होतं, तेच परत मिळाल्यावर आपण मागत नाही. हे मला खुपतं. तुम्ही तुमच्या नगरसेवकांकडे आजवर काय मागितलंत? आणि काय मागायला हवं होतं?

दादर पश्चिम

मुंबईत निदान ही चौघांची भानगड नाही. २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. चांगला असो वाईट असो, माणूस एकच, नाव एकच. बहुसदस्यीय प्रभागाचा मूळ तोटा हाच की जबाबदारी कोणाच्याच अंगाला लागत नाही. चार वेगळ्या पक्षांचे असले तर तिघं चौथ्याकडे बोट दाखवतात. एकाच पक्षाचे असले तर चौघांत ज्याचा आवाज मोठा, तो बाकीच्यांचाही कारभार बघतो.

जिज्ञासू

पुण्यात तर दर निवडणुकीला रचना बदलली. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. आता ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक. मतदाराला आपला माणूस ओळखीचा होईपर्यंत हद्द बदललेली असते.

सभाशाखा

एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात, म्हणजे सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या कार्यालयात, नोकरी झाली, त्यामुळे धाग्याचा विषय जवळचा आहे. जरा विस्ताराने लिहितो.

आधी पदाबद्दल. महापालिकेच्या १९४९ च्या कायद्याच्या मराठी प्रतीत यांना 'पालिका सदस्य' म्हटलं आहे, नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात 'परिषद सदस्य'. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रांत 'नगरपिता' असायचं, पुढे नगरसेवक-नगरसेविका रूढ झालं. नाव काहीही घ्या, सदस्य हे लक्षात ठेवा. ही व्यक्ती एकटी काही मंजूर करत नाही. मंजूर करते ती सभा, आणि ही तिची एक सदस्य.

आता लेखी प्रश्न. कडुनिंब यांनी तो एका ओळीत सांगितला, पण त्याच्याएवढं धारदार हत्यार नगरसेवकाकडे दुसरं नाही. सदस्य लेटरहेडवर प्रश्न लिहून आमच्याकडे देतो. आम्ही आवक क्रमांक टाकतो आणि प्रश्न संबंधित खात्याकडे जातो : पाणीपुरवठा, पथ, मलनिस्सारण, आरोग्य, जे असेल ते. खात्याला उत्तर लेखी द्यावं लागतं, त्यावर खातेप्रमुखाची सही असते आणि ते सभेपुढे येतं. तोंडी तक्रार केली की "बघतो साहेब" एवढ्यावर भागतं. लेखी उत्तरात "काम पूर्ण" लिहायचं तर वर्क ऑर्डर, मापन पुस्तिका, बिल, सगळं जुळावं लागतं. अमुक प्रभागात गेल्या वर्षी किती पेव्हिंग ब्लॉक बसवले, कुठून कुठपर्यंत आणि काय दराने, एवढा साधा प्रश्न आला तरी खात्यात दोन दिवस फायलींची शोधाशोध चालायची. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

असे प्रश्न विचारणारे सदस्य प्रत्येक सभागृहात असतात, पण थोडे. त्यातले काही पुढच्या वेळी पडतात, कारण प्रभागात त्यांचं "काम दिसत नाही". मला याचं फार वाईट वाटायचं.

अंदाजपत्रकाचं सांगतो. आयुक्त ते स्थायी समितीला सादर करतात. समितीत १६ जण असतात. समिती त्यात फेरफार करते आणि अध्यक्ष ते सभेपुढे मांडतात. सदस्यांचा सगळा जीव त्यांच्या प्रभागातल्या कामांच्या यादीत अडकलेला असतो. पुण्यात तिला 'स' यादी म्हणतात. वर्षाअखेरीला वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा. नागरिकांनी लक्ष ठेवायची जागा ही. उद्यानासाठी ठेवलेला पैसा कुठे गेला, हे वर्गीकरणाच्या ठरावात कळतं, चौकातल्या फलकावर नाही.

निशिगंध

सभाशाखा, खूप आभार. कार्यालयाच्या आतून आलेलं असं काही वाचायला मिळत नाही.

मला दुसरी बाजू मांडायची आहे. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. आमच्या प्रभागात चारपैकी दोन नगरसेविका. पण फलकावर ताईंचा फोटो डावीकडे, उजवीकडे तेवढ्याच आकाराचा त्यांच्या यजमानांचा. संपर्क क्रमांक यजमानांचा. कार्यालयात गेलं की "भाऊ बाहेर गेलेत, नंतर या". मी म्हटलं, मला ताईंनाच भेटायचंय, निवडून त्या आल्यात. तिथल्या मुलाला काय उत्तर द्यावं कळेना.

शेवटी ताई भेटल्या. त्यांना प्रभागातल्या अंगणवाड्यांची आणि दवाखान्याची इतकी बारीक माहिती होती की मी ऐकतच राहिले. कोणत्या वारी लसीकरण, कुठल्या वस्तीतल्या बायकांना दवाखाना लांब पडतो, कुठे स्वच्छतागृहाला कडी नाही. ही बाई सभागृहात बोलायला हवी. तिला बोलतं करणं हे मतदारांचंही काम आहे. आपणच "वहिनी, भाऊंना सांगा" म्हणत राहिलो तर भाऊच नगरसेवक होणार.

दादर पश्चिम

निशिगंध, शंभर टक्के सहमत. नागरिकांनी पत्र लिहिताना निवडून आलेल्या व्यक्तीच्याच नावाने लिहावं आणि पोच घ्यावी, म्हणजे निदान कागदावर तरी ती व्यक्ती उरते.

आणखी एक. 'मा. नगरसेवक' अशी पाटी. यातला 'मा.' माननीय की माजी? चार वर्षं कोणीच पदावर नसताना या पाट्या तशाच होत्या. गाडीच्या काचेवर, कार्यालयावर, गणपतीच्या कमानीवर. पुढच्या पिढीतल्या मतदाराला पदावर कोण आहे हेच कळेनासं झालं. पद संपलं की 'माजी' असं पूर्ण लिहायला हवं, मुदतीसकट. पाच वर्षांसाठी लोकांनी दिलेली जबाबदारी आहे ही. नावामागे जन्मभर लावायची पदवी नाही.

टँकरची वाट

सगळे प्रतिसाद वाचले. सगळं बरोबर आहे, पण हे सोसायटीत राहणाऱ्यांचं बोलणं आहे. रागावू नका, मनापासून सांगतोय.

मी वस्तीत राहतो. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस आला नाही तर शंभर घरांत भांडी रिकामी. अशा वेळी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, पाणी मिळत नाही. नगरसेवकाला फोन केला की तो त्या माणसाला झोपेतून उठवतो. माझी आई आजारी पडली तेव्हा रुग्णालयात खाट मिळत नव्हती, तेव्हाही त्यांनीच रात्री कोणाला तरी फोन लावला. आधारवर पत्ता बदलायचा होता, भाड्याच्या खोलीचा करार नव्हता. नगरसेवकाच्या सहीचा दाखला त्यासाठी चालतो. प्रशासकाच्या काळात ती सही द्यायलाच कोणी नव्हतं, माणसं आमदारांच्या कार्यालयाबाहेर रांगा लावून बसायची.

तुम्ही म्हणता चेंबरसाठी फोन करू नका, सभागृहात काय बोलला ते विचारा. ज्याच्या घरात चेंबरचं पाणी शिरतं तो काय करेल? आमच्यासाठी महापालिका म्हणजे तो एक फोन नंबर आहे. तोही बंद करा म्हणू नका.

कडुनिंब

टँकरची वाट, रागवायचा प्रश्नच नाही. तुमचा प्रतिसाद या धाग्यात हवाच होता. फोन करू नका असं माझं म्हणणं नाही. दारात माणूस अडचणीत असताना जो धावतो त्याची किंमत मला कळते, आणि ज्यांचं रोजचं पाणी त्या फोनवर अवलंबून आहे त्यांनी तो करावाच.

मी म्हणते ते एवढंच, की फोनवर गोष्ट संपू नये. व्हॉल्व्हचं काम एकाच माणसावर का आहे? तो आजारी पडला तर बदली कोण? तुमच्या वस्तीला पहाटेच पाणी का, आणि पलीकडच्या टॉवरला दिवसभर कसं? याचं उत्तर पाणीपुरवठा खात्याकडून लेखी आलं आणि अंदाजपत्रकात त्या लाईनसाठी पैसा पडला, तरच पहाटेचा फोन थांबेल. ती दोन कामं आयुक्त आपणहून करत नाहीत. ती सभागृहातच होतात. म्हणून सभागृहाची खरी गरज सोसायटीवाल्यांपेक्षा तुम्हाला जास्त आहे, असं मला वाटतं. आमच्याकडे निदान बोअरवेल असते.

टँकरची वाट

हे पटलं. पण मग एक सांगा. आम्ही दिवसभर कामाला. सभागृहात तो काय बोलला हे बघायला कोण जाणार?

सभाशाखा

जायची गरज नाही. सभेची कार्यपत्रिका, म्हणजे विषयांची यादी, आधी निघते आणि सभेचं इतिवृत्त नंतर तयार होतं. ते सार्वजनिक कागद आहेत, माहिती अधिकारात मागता येतात. कितीतरी महापालिका ते संकेतस्थळावरही टाकतात. कार्यपत्रिका पाहताना दोन गोष्टी बघा. एक, सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणाची नावं आहेत. दुसरी, ऐनवेळचे विषय किती. आधी वाचायला न मिळालेले विषय ऐनवेळी येऊन चर्चेविना मंजूर होत असतील, तर तिथे तुमच्या सदस्याने हात वर करून काय म्हटलं, हा प्रश्न त्याला विचारायलाच हवा.

एका पोराला सांगा, महिन्यातून एकदा मोबाइलवर ते पान उघडून वस्तीच्या ग्रुपवर टाकेल.

इतिहासप्रेमी

सभागृहातल्या एका हाताची किंमत काय असते, याचं आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीसाठी हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सगळे सभासद बाजूने, विरोधात एकटे जोतीराव. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव मंजूर झाला, तरी त्यांचं विरोधी मत आजही सांगितलं जातं. १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. म्हणजे लेखी विचारणा, विरोधी मत आणि खर्चावर बोट, सभाशाखा जे सांगत आहेत ते सगळं तेव्हाही होतं. तेही सरकारनियुक्त सभासदाने केलेलं.

लोकांनी सभासद निवडून द्यायची सोय तेव्हा नवीच होती. मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ जणांचं कॉर्पोरेशन झालं, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. बाकी ठिकाणी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याबद्दलच्या १८८२ च्या ठरावानंतर वाट मोकळी झाली. १९९३ पासून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेतच लिहिलं. तरीही चार वर्षं निवडणूक झाली नाही, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. इतकी वर्षं झगडून मिळालेली खुर्ची रिकामी राहिली आणि आपल्याला फारसा राग आला नाही, याची खंत वाटते.

वाशिष्ठी

आमच्याकडे नगरपरिषद. डिसेंबरमध्ये मतदान करताना तीन बटणं दाबायची होती, दोन सदस्यांसाठी आणि एक थेट नगराध्यक्षासाठी. छोट्या गावात नगरसेवक भाजी घेताना भेटतो, त्यामुळे लपायला जागा नसते. पण थेट नगराध्यक्ष आल्यापासून सदस्यांना वाटतं आपल्याला कोण विचारतो. सभेत एका पक्षाचं बहुमत आणि नगराध्यक्ष दुसऱ्याचा, असं झालं की मुख्याधिकारी दोघांकडे बघत बसतात.

फोंड्याहून

गोव्यात गावपातळीवर 'पंच' आणि शहरात नगरसेवक. आमच्याकडे नगराध्यक्ष सदस्यांतूनच निवडतात. प्रभाग लहान, एका नगरसेवकाला निवडून यायला थोडी मतं पुरतात, त्यामुळे प्रत्येक घराशी ओळख. त्याचा फायदा आहेच. तोटा असा की अविश्वास ठराव आला की मतदारांना नगरसेवकाच्या कामापेक्षा तो कुठल्या गटात गेला याचीच बातमी जास्त कळते.

टिळकवाडी

बेळगावहून लिहितो. आमच्या महापालिकेत ५८ नगरसेवक. सभेची नोटीस आणि कागदपत्रं मराठीतही मिळावीत, ही मागणी मराठी नगरसेवक सभागृहात पुन्हा पुन्हा करतात. वर कार्यपत्रिका वाचा असं सांगितलंय, ते वाचून मनात आलं की ती आपल्या भाषेत हातात पडते, ही केवढी मोठी गोष्ट आहे. ज्यांना ती मिळते त्यांनी कृपा करून वाचावी.

जिज्ञासू

एक शंका. स्वीकृत नगरसेवक म्हणजे काय? आमच्याकडे पडलेल्या उमेदवारालाच स्वीकृत केलं. त्याला सगळे अधिकार असतात का?

सभाशाखा

सगळे अधिकार नसतात. स्वीकृत म्हणजे निवडणुकीने नव्हे, नेमणुकीने आलेला सदस्य. पालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना घ्यावं, असं कायद्यात आहे. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. ही तरतूद राज्यघटनेतलीच आहे. डॉक्टर, अभियंते, शिक्षक अशांसाठी असलेल्या जागा पडलेल्या उमेदवारांच्या पुनर्वसनासाठी वापरल्या जातात, ही तुमची तक्रार रास्त आहे.

विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो : पालिकेच्या कंत्राटात सदस्याचा हितसंबंध असेल किंवा त्याने अनधिकृत बांधकाम केलं असेल, तर त्याचं पद जाऊ शकतं. 'अमुक यांच्या निधीतून' असं बाकावर लिहिलेलं असतं तो निधी त्याचा नसतो, तुमच्या मिळकतकराचा असतो. ते लिहिणं थांबवा असं पत्र कोणीही देऊ शकतं.

निशिगंध

क्षेत्रसभेचा विषय अजून कोणी काढला नाही. गावात ग्रामसभा असते तशी शहरात क्षेत्रसभा. २००९ च्या दुरुस्तीने ती महाराष्ट्राच्या कायद्यात आली. त्या क्षेत्रातले सगळे मतदार तिचे सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. कोणती कामं आधी करायची, कुठे दिवे हवेत, कुठे नळ हवा, हे तिथे ठरवून पुढे पाठवायचं. कायद्यात आहे आणि शहरात बहुतेकांनी नावही ऐकलेलं नाही. आम्ही चौघांकडेही ती मागणार आहोत.

टँकरची वाट

ही सभा रविवारी घेता येते का? आणि वस्तीतच? आमची माणसं क्षेत्रीय कार्यालयापर्यंत येणार नाहीत.

निशिगंध

आपण मागूच तशी. मनपा शाळेचं पटांगण रविवारी रिकामं असतं.

कडुनिंब

मग पत्राचा मसुदा इथेच करू. मी सुरुवात करते, दुरुस्त्या सुचवा.

"प्रति, पालिका सदस्य, प्रभाग क्रमांक अमुक, जागा अ, ब, क व ड. विषय : क्षेत्रसभा घेण्याबाबत. महोदय व महोदया, आमच्या प्रभागात क्षेत्रसभा रविवारी सकाळी मनपा शाळेत घ्यावी. सभेत पुढील माहिती लेखी मिळावी. १) चालू अंदाजपत्रकात प्रभागासाठी मंजूर कामे, रक्कम व ठिकाण. २) पाणी सोडण्याच्या वेळा व त्यासाठी नेमलेले कर्मचारी. ३) आपण सभेत विचारलेले लेखी प्रश्न व त्यांची उत्तरे."

सभाशाखा

चौथा मुद्दा घाला : "मागील वर्षात प्रभागातील कामांबाबत झालेले वर्गीकरणाचे ठराव." आणि प्रत नगरसचिवांना द्या. पत्र चौघांना वेगवेगळं द्या, एकाच कागदावर चार नावं घालू नका. प्रत्येकाची पोच वेगळी घ्या, तारीख आणि शिक्क्यासह.

टँकरची वाट

दुसऱ्या मुद्द्यात "कर्मचारी रजेवर असल्यास पर्यायी व्यवस्था" एवढं वाढवा. वस्तीतून सह्या मी गोळा करतो.

कडुनिंब

वाढवलं. चार प्रती काढून ठेवते. ज्यांना आपापल्या प्रभागासाठी हवा आहे त्यांनी मसुदा उचलावा, प्रभाग क्रमांक तेवढा बदला. नगरपरिषदवाल्यांनी 'पालिका सदस्य' ऐवजी 'परिषद सदस्य' लिहावं आणि प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्यावी.